भिंतीवरचे वचन आणि हातातले काम

आपल्या संस्थेच्या कार्यालयात पाऊल ठेवले की समोरच्या भिंतीवर एक पाटी दिसते. पिवळ्या पाटीवर तांबड्या तैलरंगाने तीन शब्द लिहिले आहेत : 'श्रम हीच पूजा'. महोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही काही मंडळी एका संध्याकाळी त्या पाटीखाली बसलो होतो. बोलता बोलता एका तरुण सभासदाने विचारले, "काका, ह्या पाटीचा कोणाला कधी उपयोग झाला का हो?" प्रश्न साधा होता, पण आम्हां वडीलधाऱ्यांपैकी एकालाही चटकन उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधातून हा लेख झाला आहे.

वचनांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. शाळेत फळ्याच्या वरच्या बाजूला रोज एक सुविचार लिहिला जाई, आणि तो लिहिण्याचा मान मिळावा म्हणून सुंदर अक्षराच्या मुलांत चढाओढ चाले. आता तोच सुविचार मोबाईलवर येतो. उजाडते न उजाडते तोच उगवत्या सूर्याच्या नाही तर गुलाबाच्या चित्रासह दहा ठिकाणांहून दहा वचने येऊन पडतात. एवढे बोधामृत रोज पोटात जाऊनही सोमवारी सकाळी कामावर निघताना पाय जड होतातच. मग दोष कोणाचा? वचनाचा, ते ऐकणाऱ्याचा, की ते सांगणाऱ्याचा?

आमच्या मते शब्दात बळ निश्चित आहे. परंतु ते केव्हा प्रकट होते व केव्हा होत नाही, याचे काही नियम आहेत. ते आपण क्रमाने पाहू.

१. शब्दाने हात कसा चालतो

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत. दोघी समोरासमोर, मध्ये जाते, आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात. दळण जड, झोप अपुरी. तेव्हा ओवी सुरू होई. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यांशी जुळलेली असे, त्यामुळे हात थकला तरी लय त्याला ओढून नेई. साने गुरुजींनी अशा ओव्या घरोघरच्या बायकांकडून गोळा केल्या व 'स्त्रीजीवन' ह्या ग्रंथात जतन करून ठेविल्या. तो ग्रंथ चाळला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दळण्याचे महत्त्व सांगणारा उपदेश ह्या ओव्यांत शोधावाच लागतो. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, लेकरू आहे, पंढरीचा विठोबा आहे. कष्ट करणाऱ्या बाईला कष्टाची थोरवी दुसऱ्याने सांगावी लागत नव्हती. तिला हवी होती सोबत.

दुसरे उदाहरण हमालांचे. एखादे अवजड यंत्र हलवायचे असले म्हणजे त्यांच्यातला एक जण हाळी देतो, बाकीचे तिला उत्तर देतात, आणि नेमक्या त्याच क्षणी सर्वांचा जोर लागतो. त्या हाळीला कित्येकदा अर्थही नसतो. पण दहा माणसांचा सुटा सुटा जोर ती एका क्षणी एकत्र आणते.

तिसरे उदाहरण वारीचे. आळंदीहून पंढरपूरची वाट अडीचशे किलोमीटरांच्या घरातली. साठी उलटलेली माणसे ती पायी चालतात. टाळ-मृदंगाच्या तालावर पाऊल पडते, नामघोषाने मन गुंतते, आणि पुढे-मागे चालणारी दिंडी एकट्याला एकटे राहू देत नाही.

ह्या तीन उदाहरणांवरून शब्द कामाला तीन गोष्टी देतो असे दिसते : लय, सोबत आणि अर्थ. मात्र तिन्ही ठिकाणी एक अट पाळली गेली आहे. ओवी म्हणणारीचा हात खुंट्यावर आहे. हाळी देणाऱ्याचा खांदा ओझ्याखाली आहे. अभंग सांगणारा स्वतः वाट चालतो आहे. काठावर उभे राहून कोणीही बोलत नाही. ही अट वाचकांनी मनात धरून ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे.

२. दोन भाषांची शिदोरी

आपण बडोद्याची मराठी माणसे एका बाबतीत भाग्यवान आहोत. आपल्या घरात मराठी म्हणी आहेत आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. दोन्हींची शिदोरी आपल्याला फुकट मिळालेली आहे. ती उघडून पाहिली म्हणजे कळते की म्हणी ह्या आजीच्या बटव्यातल्या औषधांसारख्या आहेत. प्रत्येक मुळी वेगळ्या दुखण्यावर चालते. पोटदुखीला डोळ्याचे औषध दिले तर गुण येत नाही, आणि मग आपण औषधाला नावे ठेवतो. म्हणून आधी दुखणे ओळखावे. कामावरचे मन उडण्याची मुख्य कारणे आम्हांस पाच दिसतात.

पहिले कारण, काम डोंगराएवढे दिसते. वर्षाचे हिशेब तुंबले आहेत, परीक्षेची सारी पुस्तके वाचायची राहिली आहेत, अशा वेळी 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण उपयोगी पडते. पण आपले गुजराती शेजारी तिला एक जोड देतात : 'टीपे टीपे सरोवर भराय, कांकरे कांकरे पाळ बंधाय'. थेंबाथेंबाने सरोवर भरते, आणि खड्याखड्याने त्याचा बांध बांधला जातो. आमच्या मते हा दुसरा भाग फार मोलाचा आहे. बांध नसेल तर थेंब कितीही पडले तरी वाहून जातात. रोज थोडे काम करणे म्हणजे थेंब. ते ठरल्या वेळी, ठरल्या जागी करणे म्हणजे बांध. ज्यांचे काम साचत नाही त्यांच्यात बहुधा थेंबांची उणीव नसून बांधाची असते.

दुसरे कारण भीती. काम आपल्याला जमणार नाही असे वाटते, म्हणून माणूस ते पुढे ढकलतो. त्यावर मराठीत म्हणतात, 'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही'. गुजरातीत म्हणतात, 'काम कामने शीखवे', म्हणजे कामच काम शिकवते. आधी सगळे शिकू आणि मग हात घालू, असे म्हणणारा काठावरच राहतो.

तिसरे कारण, फळ लवकर दिसत नाही. नवे दुकान, नवी नोकरी, नवा अभ्यास, सगळ्यांत हा काळ येतो. 'उतावळे आंबा न पाके' ही गुजराती म्हण त्यासाठी आहे. घाईने आंबा पिकत नाही. आढीत घातलेला आंबा रोज दाबून पाहिला तर पिकण्याऐवजी नासतो, हे आपल्या घरच्या मुलांनाही ठाऊक असते. आपण मोठी माणसे मात्र कामाच्या बाबतीत ते विसरतो.

चौथे कारण एकटेपणा. सारे आपल्यावरच पडले आहे, ही भावना कामापेक्षाही जड असते. 'गाव करी ते राव न करी' असे आपण म्हणतो. गुजराती म्हणते, 'झाझा हाथ रळियामणा', पुष्कळ हात सुंदर दिसतात. येथे सोयीपेक्षाही सौंदर्य पाहिले आहे. चार जणांनी मिळून पंगतीची पाने मांडली, वाढले, आवरले, म्हणजे त्या श्रमाला जी शोभा येते तीच ह्या म्हणीत आहे.

पाचवे कारण सर्वांत अवघड. माणूस खरोखरच उपाशी आहे, आजारी आहे, त्याची मजुरी थकली आहे किंवा त्याच्यावर अन्याय होतो आहे. ह्या दुखण्यावर बटव्यात एकच मुळी आहे : 'आधी पोटोबा, मग विठोबा'. ही म्हण कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेली आम्ही कधी पाहिली नाही. लोकांनी मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, कारण अनुभवाने त्यांना कळले होते की येथे शब्द पुरत नाही, भाकरी लागते.

३. वचन जगलेली माणसे

म्हणी लोकांच्या. आता काही व्यक्तींकडे वळू. वचनाला बळ कोठून येते हे त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसते.

आरंभ आपल्या गावापासून करू. श्रीमंत सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ साली वयाच्या बाराव्या वर्षी ते दत्तक आले, आणि त्यांचे रीतसर शिक्षण त्यानंतर सुरू झाले. उशिरा अक्षर गिरवू लागलेल्या ह्या मुलाने पुढे राज्यातल्या प्रत्येक मुलाच्या हाती पाटी दिली. पण कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. तेरा वर्षे अनुभव घेतला, आणि १९०६ साली तो कायदा सर्व राज्याला लागू केला. १९१० साली बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालांस बोलावून ग्रंथालयांची जी चळवळ सुरू केली, तिच्यातून पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. विद्येचे महत्त्व सांगणारी सुभाषिते तेव्हाही पुष्कळ होती. महाराजांनी त्या सुभाषितांखाली शाळा, शिक्षक आणि पुस्तक ठेविले. खड्याखड्याने बांध बांधणे म्हणतात ते हेच.

बडोद्याशी संबंध असलेले दुसरे नाव विनोबा भावे यांचे. त्यांचा जन्म १८९५ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी. वडील बडोद्यास नोकरीला असल्यामुळे विनोबांचे शिक्षण येथे झाले. १९१६ साली त्यांनी घर सोडले. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळत नसे, आणि मिळालेले मराठी भाषांतरही अवघड वाटे. तूच का सोप्या मराठीत करीत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. त्या मागणीतून पुढे 'गीताई' झाली व १९३२ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

त्या प्रवचनांत कामाविषयीचा एक विचार आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. बाहेरून दिसते ते कर्म. त्या कर्माला आतून मनाची जी साथ लागते तिला विनोबा विकर्म म्हणतात. दोन्हींचा मेळ बसला म्हणजे कर्माचे ओझे वाटेनासे होते. मन नसेल तर पूजाही कवाईत ठरते. मन असेल तर भांडी घासणेही पूजा होते. आमच्या भिंतीवरच्या पाटीचा खरा अर्थ हा आहे. परंतु पाटी टांगून तो कोणाच्या मनात उतरत नाही. विनोबा ज्यांच्यापुढे बोलत होते त्यांच्याबरोबर ते स्वतः तुरुंग भोगीत होते, हे विसरता कामा नये.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचे बोधवाक्य. गरीब मुलांना आयते न देता काम द्यावे आणि त्या कमाईवर शिकू द्यावे, ही त्यांची 'कमवा आणि शिका' योजना. हे वाक्य मुलांना पटले, कारण संस्था चालविणाऱ्यांचे घर त्यांनी पाहिले होते. वसतिगृहातल्या मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. ज्या घरातली गृहिणी आपले सोने देते, त्या घराने सांगितलेल्या स्वावलंबनाला वजन असते.

आणि संत गाडगेबाबा! १८७६ ते १९५६ असे त्यांचे आयुष्य. पुस्तकी विद्या नाही, हाती खराटा आणि डोक्यावर मडक्याचे खापर. गावात पोहोचले की बाबा प्रथम खराटा चालवीत. लोक पाहत, थोडे शरमत, मग हळूहळू हाती झाडू घेऊन येत. कीर्तन व्हायचे ते रात्री. दिवसा गाव झाडून झाल्यावर स्वच्छतेविषयी ते जे बोलत ते ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडे. काम आधी आणि वचन नंतर, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

धर्मादाय संस्था चालविणाऱ्या आम्हां मंडळींना आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभे केले. दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो, असे ते सांगत. परंतु हे त्यांनी समाजाने टाकलेल्या माणसांबरोबर खडकाळ जमिनीत विहीर खणताना, शेत पिकविताना सांगितले. दान देणाऱ्याने खुर्चीत बसून हेच शब्द उच्चारले असते तर ती निष्ठुरता झाली असती.

४. आमची उसवण

आता आमच्या घरची गोष्ट. महोत्सवाच्या अंकात केवळ गुणगान असावे असा संकेत आहे. पण ही गोष्ट लपविली तर वरचे सर्व विवेचन कोरडे ठरेल.

काही वर्षांपूर्वी आपल्या शिवणवर्गात एक ताई येत असत. घरी नवरा आजारी, दोन मुले शाळेत. हात अतिशय चांगला. वर्गाला शाळेच्या गणवेशांचे काम मिळाले तेव्हा नगावर मजुरी ठरली, आणि सर्वांत नीट काम त्यांचेच होते. दोन-तीन महिन्यांनी मात्र त्यांचे नग कमी भरू लागले, येण्याला उशीर होऊ लागला. आम्ही कार्यकारी मंडळाने त्यांना बोलावून घेतले. आमच्यापैकी एका ज्येष्ठांनी त्यांना समजाविले, "ताई, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." त्या खाली मान घालून उभ्या होत्या. "बरं काका," एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. त्या गेल्यावर दुसरे एक जण म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडे." आम्ही हसलो. हे लिहिताना आज लाज वाटते, पण हसलो हे खरे.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

महिनाभराने वर्गाच्या शिक्षिकाबाई एक वही घेऊन आल्या. वर्गातल्या अडचणी लिहून ठेवण्यासाठी आम्हीच ती ठेविली होती. तीत ताईंच्या अक्षरात तीन नोंदी होत्या. पहिली : त्यांच्या पायमशीनचा पट्टा सैल झाला आहे, मध्येच घसरतो. दुसरी : वरची नळी बंद आहे, संध्याकाळी काळ्या कापडावर टाका दिसत नाही. तिसरी : गेल्या दोन महिन्यांची मजुरी मिळाली नाही, औषधे आणायची आहेत. तीनही नोंदींवर तारखा होत्या. एकीवरही आमच्यापैकी कोणाची सही नव्हती.

अंगण खरोखरच वाकडे होते, आणि ते आम्हीच वाकडे ठेविले होते.

आमच्यातले दोघे थकलेली मजुरी घेऊन त्यांच्या घरी गेले. पट्टा बदलला, नळी बसविली. त्या दिवशी एकही सुभाषित कोणी उच्चारले नाही. ताई लगेच आल्या नाहीत. पुढे दोन आठवड्यांनी, नवऱ्याला बरे वाटू लागल्यावर, आल्या आणि मुकाट्याने मशीनवर बसल्या.

आज त्या त्याच वर्गात नव्या मुलींना शिकवितात. शिवण चुकली की मुली घाबरतात आणि ती झाकण्यासाठी तशीच पुढे शिवतात. तेव्हा ताई म्हणतात, "उसवायची लाज धरू नका गं, चुकीवर शिवायची धरा." हे वाक्य कोणत्याही पुस्तकातले नाही. ते त्यांच्या हातातून आलेले आहे. पण वर्गातल्या प्रत्येक मुलीला ते पाठ आहे, आणि वर्ग सोडून दुकानात, कारखान्यात कामाला लागलेल्या मुलीही भेटल्या की तेच म्हणून दाखवितात. तरुण सभासदाच्या प्रश्नाला उत्तर आहे ते हे. भिंतीवरच्या आमच्या पाटीने जे इतक्या वर्षांत केले नाही, ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वाक्याने केले.

ह्या प्रसंगाने आम्हांस गीतेतील कर्मयोगाचाही नवा अर्थ कळला. फळावर नजर न ठेवता कर्म करावे, हा उपदेश पुष्कळ कचेऱ्यांत चौकटीत लावलेला असतो. तो उपदेश काम करणाऱ्याने स्वतःच्या मनाला सांगण्यासाठी आहे. काम करवून घेणाऱ्याने तो दुसऱ्याला सांगून त्याचे फळ रोखून धरावे, यासाठी तो खास नाही. शब्द तेच, पण कोणाच्या मुखातून कोणासाठी निघाले यावर ते आधार होतात की अपमान, हे ठरते.

५. अभ्यासासाठी काही सूचना

आता जे पाहिले ते रोजच्या व्यवहारात कसे आणावे, याविषयी आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

एक. वचन एकच निवडा. दहा वचने म्हणजे 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. आपले आजचे दुखणे भीतीचे आहे, कंटाळ्याचे आहे, एकटेपणाचे आहे की उतावीळपणाचे, हे ओळखा आणि त्यावर चालणारे एकच वाक्य महिनाभर जवळ बाळगा.

दोन. ते आपल्या भाषेत असू द्या. उसने, भारदस्त वाक्य डोळ्यांना चांगले दिसते; पण काम अडते त्या क्षणी ओठांवर येते ते आईने, आजीने, गुरुजींनी किंवा सोबतच्या कामगाराने म्हटलेले वाक्य. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती कामाच्या वेळी काय म्हणत असत. वहीत लिहून ठेवा. ही शिदोरी माणसांबरोबर संपते.

तीन. वचनाखाली एक कृती लिहा. 'थेंबे थेंबे तळे साचे' असे लिहिले असेल तर त्याखाली लिहा, 'रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास हिशेब'. कृतीविना वचन म्हणजे बांधाविना तळे.

चार, आणि हीच ह्या पाठाची मुख्य गोष्ट. वचन आपले आपणास सांगावे. दुसऱ्यास आधी हात द्यावा. तुमच्या हाताखाली कोणी काम करीत असेल आणि त्याचे मन उडाले असेल, तर त्याला सुभाषित ऐकविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : त्याचे हत्यार धड आहे का, त्याला दिसते-ऐकू येते अशा जागी तो बसला आहे का, आणि त्याचा दाम त्याला वेळेवर मिळाला आहे का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर मग त्याच्या शेजारी बसून थोडे काम करा. त्यानंतर जे बोलाल ते तो ऐकेल.

ज्या तरुण मुलामुलींनी नुकतीच नोकरी धरली आहे, त्यांनी मात्र ह्या शेवटच्या सूचनेचा उलटा अर्थ घेऊ नये. अंगण वाकडे असेल तर ते नम्रपणे, लेखी, तारीख घालून सांगावे. ताईंनी तेच केले होते. आणि अंगण सरळ असेल, तर मात्र नाचण्याचा सराव आपल्यालाच करावा लागतो. दोन्हींतला फरक प्रामाणिकपणे ओळखणे हे कामावरचे पहिले शहाणपण.

पाटी आम्ही उतरविलेली नाही. तीन शब्द खरे आहेत, आणि ज्यांनी ते लिहविले त्यांची भावना शुद्ध होती. एवढेच केले आहे की त्या पाटीच्या खाली एक खिळा ठोकून त्याला शिवणवर्गाची ती वही दोरीने बांधली आहे. दर शनिवारी मंडळातल्या एकाने ती उघडावी, प्रत्येक नोंदीवर सही करावी आणि काय केले ते लिहावे, असा ठराव झाला आहे. महोत्सवाला येणाऱ्या बंधुभगिनींनी कार्यालयात अवश्य यावे, पाटी पाहावी, आणि वही उघडून आमच्या सह्या आहेत की नाहीत तेही पाहावे.